खाटेवरचा माणूस आणि एकच फ्लॅशबॅक

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सही सोडली तर घरात कोणी काही लिहिलेलं नाही. तेव्हा लिहिण्याबद्दल मी काही सांगावं हे मलाच थोडं जास्तीचं वाटतं. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

दिवाळीनंतर बाबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले, पाय मोडला. प्लास्टर पौषापर्यंत. आई धान कापायला जायची आणि मी गावी, करडीत, बाबांच्या खाटेजवळ. कॉलेज भंडाऱ्यात राहिलं. त्याच दिवसांत नागपूरच्या पटकथेच्या वर्गासाठी एक लहान पटकथा पाठवायची होती. निवड झाली तर राहणं, शिकणं फुकट. मला ते फार हवं होतं. घरात मात्र मी तसं बोललो नव्हतो.

मी खाटेवर पडलेल्या एका माणसावर लिहिलं. तो छताकडे बघतो की फ्लॅशबॅक: दिवाळीनंतरची मंडई, त्या जत्रेतले झुले, त्याचं तरुणपण. पुन्हा खाट, पुन्हा छत, की त्याच्या लग्नाची वरात. कॉलेजातल्या सरांना तलावाच्या बांधावरून फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "आठवणी छान आहेत. पण त्या आत्ताच का येतात?" "बघतो सर," म्हणून मी फोन ठेवला.

मग बाबांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"मले खाटेवर टाकून तू कुठं फिराले जाऊन राहिला रे?"

"तू नाही बाबा, पात्र हाय ते."

"कायचं पात्र? प्लास्टर त माह्यासारखंच हाय त्याले."

आम्ही दोघंही हसलो. नंतर मला हसू येईना. त्या खोलीतून मला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून मी पानापानावर बाहेर पडत होतो. खाटेवरच्या माणसाला त्यातलं काहीच नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना पाठीवर घेऊन अंगणातल्या संडासाकडे निघालो. उंबरठ्यावर माझा तोल गेला. घाबरून त्यांनी माझे केस धरले.

"केस सोड ना बाबा, टक्कल पडन!"

"पाडशील त नाही ना?"

मी तिथेच थांबलो. शाळेच्या वाटेवर नाल्याला पूर असायचा, तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर बसून दोन्ही मुठींत त्यांचे केस धरायचो. ते कधी सोड म्हणाले नाहीत.

मंडई खोडली, वरात खोडली. उरला एकच फ्लॅशबॅक: बापाला पाठीवर घेतलेल्या मुलाच्या केसांतली म्हाताऱ्याची मूठ, मग पोराची मूठ आणि पाण्याचा आवाज, की लगेच परत दार. आता मुलगा उंबरठा ओलांडतो.

घरात रेंज नसते. तलावाच्या त्याच बांधावर, पाळीवर, चढून मी पटकथा पाठवली. मग रोज संध्याकाळी पाळीवर जायचो.

"आलं का काही?" बाबा विचारायचे.

"कायचं?"

"काही नाही." एकदा मात्र ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तू गेला त मले बाहेर कोण नेईन, हे मी इचारून नाही राहिलो."

धान कापून झालं, शेतात धानाचे ढीग, पुंजणे, रचून झाले, मळणी राहिलीच होती. आई थकून लवकर झोपू लागली. प्लास्टर तसंच होतं. अशाच एका संध्याकाळी पाळीवर फोनवर मेसेज आला: तुमची निवड झाली आहे, सोमवारी सकाळी नागपूरला हजर राहावे. घरी बाबा "आलं का काही?" विचारणार होते, आणि आज मला "कायचं?" म्हणता येणार नव्हतं.