शिक्षेच्या चित्रातली हळद

“तो पिवळा डाग काढून टाक,” मॅडम म्हणाल्या. “जुनं व्हार्निश आहे. कडक सॉल्व्हंट घे.”

मी कापसाचा बोळा धरून तशीच उभी राहिले.

परभणी जिल्ह्यातल्या एका जुन्या कलासंग्रहालयात मी मॅडमच्या हाताखाली चित्रं साफ करायला शिकते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ‘मॅडम, थांबा’ म्हणायला जीभ लवकर वळत नाही. तैलचित्रावर संरक्षणासाठी व्हार्निशचा पारदर्शक थर देतात. काळाने तो पिवळा, मग तपकिरी होतो. तो सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे व्हार्निश विरघळवणाऱ्या द्रवात, भिजवलेल्या बोळ्याने हळूहळू उतरवायचा. खालचा मूळ रंग मात्र एकदा निघाला की गेलाच.

या चित्राखाली पाटी होती, ‘शिक्षा’. एक तरुण मान खाली घातलेल्या माणसाचा कान पिळतोय. बाकी सगळा काळोख.

डाग दोनच ठिकाणी होता. त्या माणसाच्या कानावर आणि पिळणाऱ्याच्या बोटांवर. व्हार्निश असं निवडून कसं पिवळं पडेल?

“मॅडम,” मी चाचरत म्हटलं, “ही हळद असेल का? लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो ना, तेव्हा बोटांना लागतेच.”

मॅडम चित्राजवळ वाकल्या. “कानपिळी? मग भावाला दिलेली वस्तू कुठंय? काही दिल्याशिवाय कान कोण सोडतं?”

ते खरं होतं. ताईच्या लग्नात माझ्या भावानं दाजींकडून घड्याळ घेतलं तेव्हाच हात काढला होता.

ठरलं असं, की नवरदेवाच्या हाताखालचा काळा कोपरा आधी साफ करायचा. वस्तू निघाली नाही, तर डाग जाणार. साधं सॉल्व्हंट घेतलं. बोळ्यामागून बोळे काळे झाले. आधी एक दोरी दिसली. मग एक लोंबता कान. आमच्या घरी शेळ्याच आहेत, त्यामुळे तो पुरता उघडायच्या आत मी ओळखला. करडू होतं.

मॅडम एवढ्या हसल्या, की शेजारच्या दालनातले पहारेकरी मामा धावत आले. त्यांनी चित्र नीट न्याहाळलं.

“लय वर्षं ह्याला कैदी समजून कीव करायलोय मी,” ते म्हणाले. “एका करडावर सुटला की. माझ्या मेव्हण्यानं सायकल घेतली व्हती.”

हळद राहिली. पाटी बदलून ‘कानपिळी’ झाली. मॅडमनी ती मलाच लिहायला लावली. तेव्हापासून मी आधी चित्र बघते, पाटी मागून वाचते. माझी पाटीसुद्धा लोकांनी मागूनच वाचावी.