मावससासूबाईंचे वाळे

बाळाचे लाड माझ्या मावससासूबाईंइतक्या निर्दयपणे करणारं माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात सापडणार नाही. आसेगावच्या बाजूला त्या सरकारी नर्स आहेत. उपजत व्यंग असलेलं बाळ दिसलं की वर कळवायचं आणि उपचाराला पाठवायचं, हे त्यांच्या अनेक कामांतलं एक. पण बाईंनी ध्यास घेतलाय तो त्याचाच. बाकीच्या बायका बाळाला हसवतात, या रडवतात. "रडू द्या, टाळू चांगली दिसते," म्हणत तोंडात डोकावतात, मग पालथं घालून पाठीचा कणा चाचपतात. लग्नात मी पाया पडलो तर आशीर्वादाआधी माझेच पाय निरखून म्हणाल्या, "सपाट हायेत जावईबापू. चालते." महिनाभरात काही सापडलं नाही तरी तसं आवर्जून कळवतात, "नाईतं वरचे म्हनतीन, बाई झोपून राह्यली."

बारशाला त्या वाळे नेतात आणि स्वतःच घालतात. आहेर कसला, झडतीच ती! वाळे घालायचे तर दुपटं सोडावंच लागतं. एकदा अशाच एका बारशाला त्यांना गाडीवरून सोडायला मी गेलो होतो. त्या घरच्या आजीनं नातीला घट्ट गुंडाळून छातीशी धरलं होतं.

"वाळे ठेवून द्या, मंग घालू."

"घातल्याबिगर मी जेवत नाई," म्हणून बाई ठाण मांडून बसल्या. बारशाच्या घरून उपाशी कुणाला पाठवणार? शेवटी दुपटं सुटलं. दोन्ही पावलं आत वळलेली. आजी रडायलाच लागली, "सुनेनं गिरान पाह्यलं हो! कोनाले सांगू नोका, लोक तिले नावं ठेवतीन."

"गिरान त सूर्याले लागलं व्हतं, तो त सीधा चालून राह्यला! आता कळवलं त पलस्तरानं पाय सीधे होतीन. लपवलं त जनमभर लंगडत चालीन पोरगी."

आजी दुपटं पुन्हा गुंडाळू लागली. कोपऱ्यातून बाळाची आई मात्र उठली. "कळवा सिस्टर," म्हणाली.

पुढे प्लास्टरं झाली, खास बूट झाले, आणि ते बूट काढून ठेवले म्हणून बाईंनी त्या घरी जाऊन घातलेले धिंगाणेही झाले.

परवा मंगरूळपीरच्या बाजारात ती पोरगी आईचा हात सोडून आमच्यासमोरून धावत गेली. आईनं बाईंना पाहिलं आणि मान फिरवली. मला भयंकर राग आला. "साधी ओळखसुद्धा दाखवली नाही!"

"कायले दाखवन?" बाई हळूच म्हणाल्या. "आपले पाय कवा वाकडे व्हते, हे त्या पोरीले मालूमच नाई. मालूम नाईच पडलं पाह्यजे."

भाजीवाला भाव सांगत होता. बाईंचं लक्ष नव्हतं. पोरगी गर्दीत दिसेनाशी झाली, तरी त्या तिकडेच बघत उभ्या होत्या.