न पाहिलेल्या अमेरिकेची दुभाषी

मी अमेरिकेला कधीच गेलेले नाही. हे मी त्या वर्षी इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं.

नवऱ्याची नोकरी जपानमध्ये, त्सुकुबातल्या संशोधन संस्थेत; पण घर आम्ही शेजारच्या लहान शहरात घेतलं, कारण तिथे अंगण मिळत होतं. या शहराची अमेरिकेच्या मधल्या भागात एक सिस्टर सिटी, म्हणजे मैत्रीचा करार केलेलं जोडशहर, आहे. तितकीच लहान, चहूकडे मक्याची शेतं. तिथून पाहुणे येणार होते आणि त्यांच्या शहराचा इतिहास आमच्या कोमिनकानमध्ये, म्हणजे वस्तीच्या सभागृहात, फोटोंसह मांडायचा होता.

"ओकुसान, तुम्हाला इंग्रजी येतं," सिस्टर सिटी समितीचे अध्यक्ष आमच्या दारात उभे राहून म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक. ते मला 'ओकुसान', म्हणजे 'वहिनी' म्हणत; त्यांना सगळे काइचो-सान, म्हणजे 'अध्यक्षसाहेब', म्हणत.

"येतं, पण मी पुण्याची आहे. तिथलं मला काहीच माहीत नाही."

"किती नम्र आहात!" असं म्हणून ते फोटोंचा गठ्ठा माझ्या हातात देऊन गेले.

मग सभा सुरू झाल्या. एका फोटोत रुळांच्या कडेला उंच पांढरे मनोरे होते, खाली लिहिलेलं 'एलिव्हेटर'. ही लिफ्ट कुठे जाते, यावर अख्खी संध्याकाळ गेली. घरी नवऱ्याने शोधून सांगितलं, की ती धान्याची कोठारं आहेत. पुढच्या सभेत चर्चच्या तळघरातल्या जेवणाचा फोटो निघाला. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचं.

"कोणी काय आणायचं, हे कोण ठरवतं?" काइचो-सानांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"सगळ्यांनी बटाट्याची कोशिंबीर आणली तर?"

"तर सगळे बटाट्याची कोशिंबीर खातात."

"मग जबाबदारी कोणाची?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या कोजागिरीला कधी कोणी असं विचारलं नव्हतं. घरी येऊन मी भांडी आपटली, तेव्हा प्राथमिक शाळेत जाणारी माझी लेक जपानीतच म्हणाली, "आई, नाही म्हणून टाक ना." या देशात नाही म्हणायला कोणते शब्द वापरायचे, हे मात्र तिलाही सांगता येईना.

पाहुणे आले. त्यांच्यात एक आजी होत्या, तिथल्या वाचनालयात आयुष्यभर काम केलेल्या. काइचो-सानांचं भाषण, माझं भाषांतर, टाळ्या, सगळं झालं आणि जेवणाच्या प्लेट हातात आल्या. मग आजी मुख्य रस्त्याच्या फोटोसमोर जाऊन थांबल्या, त्या हलेचनात.

"छान मांडलंय," त्या मला हळूच म्हणाल्या. "पण हे स्टेशन पाडलं. ही दुकानं बंद आहेत. शाळा पलीकडच्या गावातल्या शाळेत विलीन झाली. यातलं फक्त चर्च उरलंय."

काइचो-सान उत्सुकतेने माझ्याकडे बघत होते. "काय म्हणाल्या? आवडलं?"

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण इतक्या सभांनंतर माझा संयम संपला होता. मी जसंच्या तसं सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. आता ते माफी मागत बसतील आणि तीही मलाच भाषांतरित करावी लागेल, या विचाराने मी आधीच वैतागले. पण ते म्हणाले, "त्यांना सांगा, आमचीही शाळा या वसंतात बंद होणार आहे. मी तिथेच शिकलो, तिथेच शिकवलं."

ती माझ्या लेकीची शाळा. बंद होण्याची कुजबुज कानावर होती, पण नक्की झालंय हे मला असं, दुसऱ्याच्या वाक्यात, कळलं. इंग्रजीत ते सांगताना मी 'त्यांची शाळा'ऐवजी 'माझ्या लेकीची शाळा' म्हणून गेले. आजींनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि काइचो-सानांना विचारलं, "मुलं आता कुठे जाणार?"

मग दोघांचं जे सुरू झालं, ते थांबेचना. शेवटच्या वर्गात मुलं किती उरली होती, घंटेचं पुढे काय झालं, रिकाम्या इमारतीची किल्ली कोणाकडे राहते. मी मध्ये उभी. माझ्या प्लेटमधला भात गार झाला, तरी दोघांपैकी एकालाही मला घास घेऊ द्यावा असं वाटलं नाही.

पाहुणे परत गेल्यावर काइचो-सान पुन्हा दारात. आता आपल्या शहराचा इतिहास इंग्रजीत तिकडे पाठवायचा होता. या वेळी मी अट घातली: सभा माझ्या घरी आणि एका तासात संपवायची. ते लगेच हो म्हणाले. पहिल्याच सभेत शाळेचा कोणता फोटो घ्यायचा यावर अंधार पडेपर्यंत वाद झाला, आणि त्यात सगळ्यात वरचा आवाज माझा होता.