दाजीपूरच्या तीन वाटा आणि दादाचा गुडघा

दादा एका जागी बसेना, म्हणून आम्ही दाजीपूरला निघालो.

ही ऐंशी साल उजाडायच्या थोडी आधीची गोष्ट. आमचं घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात. माझा थोरला भाऊ विलास, माझा दादा, एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता आणि सणावाराच्या सायकल शर्यतींत त्याचं नाव होतं. आदल्या वर्षी अशाच एका शर्यतीत तो पडला आणि डावा गुडघा फुटला. हाड जुळलं, पण गुडघा पुरता वाकेना. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर समाधान माना. दादाला समाधान मानता येत नव्हतं. जेवताना अर्ध्यातून उठायचा, अंगणात येरझाऱ्या घालायचा, पायरीवर टेकला की लगेच उभा. सायकलीला मात्र हात लावत नव्हता.

मग एके दिवशी त्यानं जाहीर केलं की दाजीपूरच्या रानातली लाकूडतोड्यांची उतरण पुन्हा सायकलीवरून उतरणार. पूर्वी तो आणि निजाम ती एकदा उतरले होते. निजाम हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं सायकलचं दुकान. तोही लगेच तयार झाला.

वहिनी चुलीपाशी बसून मला म्हणाली, “वन्सं, त्यास्नी नगं म्हणून उपेग न्हाय. तुमी संगं जावा. तेवढं चालत्या पायानं माघारी आणा.”

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून गडहिंग्लजचा माणूस मुंबईला जोडून द्यायचा आणि आपण खुर्चीतच. दादाला सांभाळायला जाते असं मी घरात सांगितलं, पण खरं म्हणजे मलाही कुठंतरी निघायचंच होतं. सायकल मला दादानंच शिकवली होती, तीही उशिरा. सपाट रस्त्यावर ठीक, चढावर धाप, उतारावर भीती, एवढीच माझी तयारी.

पहिला दिवस कोल्हापूर ते राधानगरी. आज तुम्ही गिअरच्या सायकलींवर हे अंतर गप्पा मारत काढाल. आमच्या काळ्या, जड, बिनगिअरच्या सायकली होत्या. निजामनं मडगार्ड आणि चेनकव्हर काढून ठेवली होती, म्हणून तेवढंच वजन कमी. रंकाळा मागं टाकला की भोगावती नदीच्या अंगानं रस्ता जातो. थंडीचे दिवस, म्हणजे उसाचा हंगाम. गाड्यांवरून पडलेला पाला दवानं ओला होतो आणि चाक सर्रकन सरकतं. सकाळी निघणार असाल तर हे लक्षात असू द्या.

वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. रस उकळणाऱ्या काहिलीजवळच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून निजामला विचारलं, “पावणं, ह्या ताई बी सायकलीवरनंच आल्यात व्हय?” होय म्हटल्यावर त्यानं आधी मलाच काकवी वाढली. दादा तेवढ्या वेळात गुऱ्हाळाला दोन फेऱ्या मारून आला. रस्त्यावरही त्याचं तेच. पुढं निघून जायचा, दिसेनासा व्हायचा, थांबायचा, मग उलटा फिरून आमच्यापर्यंत यायचा. आम्ही एक अंतर कापलं, त्यानं बहुधा दीडपट. डावा पाय पेडलवर अर्धवट फिरायचा आणि उजवा त्याचं काम करायचा.

राधानगरीत निजामच्या खालेकडं, म्हणजे मावशीकडं, मुक्काम केला. खालेनं भाकरी आणि मटणाचा लालभडक रस्सा केला होता. मला पोटभर वाढेपर्यंत ती निजामला झापत होती, की परक्याच्या पोरीला रानात न्यायची अक्कल तुला कुणी दिली. मी परकी नाही, विलासची बहीण आहे, असं त्यानं सांगितल्यावर म्हणाली की मग तर विलासलाही अक्कल नाही. झोपायला तिनं मला स्वतःची खाट दिली.

दुसऱ्या दिवशी धरणाच्या पाण्याच्या कडेनं दाजीपूर. इथून रान सुरू होतं, आणि चढही. मी बराच भाग सायकल ढकलत गेले, त्यात लाज नाही. नाक्यावर वनरक्षकानं नावं लिहून घेतली. दिवस कलला की रस्त्यावर थांबू नका, गवे पाण्यावर येतात, असं बजावलं, आणि गावात एका घरी झोपायची सोय करून दिली. अभयारण्याचे नियम आता कडक झालेत, तेव्हा तुम्ही आधी परवानगीची चौकशी करूनच निघा.

आता वाटांबद्दल, कारण मला पत्रं लिहिणारे सायकलवाले तेवढंच विचारतात. आम्हाला ठाऊक होत्या त्या तीन. पहिली पाण्याच्या काठानं जाणारी, जवळजवळ सपाट, पालापाचोळ्याची मऊ वाट. नवशिक्यानं ही घ्यावी. सावली इतकी दाट की दुपारी अंगावर काटा येतो. दुसरी गाडीवाट. ती वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, चढते, तिथल्या तांबड्या कातळावरून एका धनगरवाड्याच्या जवळून जाते आणि मोठा वळसा घालून पुन्हा पाण्याशी उतरते. चाकोऱ्या खोल आहेत, हात भरून येतात, पण ब्रेक धड असतील तर माझ्यासारखीलाही जमते. तिसरी ती लाकूडतोड्यांची उतरण. सड्याच्या कडेपासून सरळ खाली, त्याच पाण्याशी. झाडांची उघडी मुळं, सुटे धोंडे आणि दोन अशी वळणं की समोर नुसती झाडांची टोकं दिसतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही सड्यावर पोचलो. ठरलं होतं असं, की निजाम आणि दादा उतरणीनं जातील, मी गाडीवाटेनं, आणि खाली पाण्याशी भेटायचं. निजामनं दोघांच्या सीट खाली घेतल्या. मग कोयत्यानं दोन जाड फांद्या तोडून दोघांच्या कॅरिअरला दोरीनं बांधल्या. मागं फरपटणाऱ्या फांदीनं वेग मरतो, नुसत्या ब्रेकच्या रबरावर त्या उतारावर भिस्त ठेवता येत नाही. निजाम पुढं झाला. फांदीचा खरखराट बराच वेळ ऐकू येत राहिला, मग थांबला.

दादा निघाला नाही.

तो दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा होता. हँडल घट्ट धरलेलं, बोटं पांढरी पडलेली. मला आधी वाटलं, निजामला पुढं जाऊ देतोय. मग तो सायकलवरून उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. खालून निजामची हाक आली. दादानं उत्तर दिलं नाही.

“शाले,” तो म्हणाला, “त्या वळणावर डावा पाय टेकावा लागतो. माझा वेळेवर खाली येत न्हाय.” मग म्हणाला, “मला भ्या वाटतंय.”

दादाच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. शर्यतीत पडून आणला तेव्हाही तो पुढच्या शर्यतीचंच बोलत होता. वहिनीला दिलेला शब्द सहज पाळता येणार म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं. मी एवढंच म्हटलं की माझ्यासोबत गाडीवाटेनं चल.

त्यानं फांदी सोडली. दोरीची गाठ सुटायला वेळ लागला, तरी मला हात लावू दिला नाही. मग म्हणाला, “तू म्होरं हो.”

म्हणून मी पुढं आणि दादा मागं, असे आम्ही जन्मात पहिल्यांदा निघालो. धनगरवाडा मागं पडला आणि रान पुन्हा दाट झालं, तिथं वळणावर गवे आडवे आले. आधी एक, भिंतीएवढा, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मग झाडीतून आणखी. एकानं मान उचलून आमच्याकडं बघितलं आणि नाकातून जोरात हवा सोडली. मी जागच्या जागी थिजले. दादानं हळूच माझी सायकल मागं ओढली, दोन्ही सायकली आडव्या निजवल्या आणि मला एका जाड झाडामागं बसवलं. स्वतःही बसला, डावा पाय समोर लांब सोडून.

गव्यांना घाई नव्हती. ते चरत राहिले. आणि दादा बसून राहिला. कितीतरी महिन्यांत मी त्याला असा बसलेला पाहिला नव्हता. पाय हलत नव्हता, बोटं वाजत नव्हती. माझाच जीव खालीवर होत होता. खाली निजाम वाट बघत असेल, हे मला सारखं आठवत होतं.

निजाम वाट बघत नव्हता. गवे झाडीत शिरले आणि थोड्या वेळानं मागून पावलं ऐकू आली. निजाम पायीच येत होता, शर्ट फाटलेला, कोपर सोललेलं. दादा खाली पोचेना म्हणून तो सायकल टाकून ती अख्खी उतरण चढून वर आला होता, तिथं सोडलेली फांदी बघितली आणि चाकांच्या खुणांवरून आमच्यामागं निघाला.

“परत्येक धोंड्याच्या मागं बघितलं मी,” तो दादाला म्हणाला. “तुझ्या बायकूला काय तोंड दाखवू, ह्योच इचार करत चढलो.” मग खाली बसला आणि टोपीनं तोंड पुसू लागला. ते पुसणं काही थांबेना. दादा जवळ सरकून त्याच्या कोपरात गेलेले खडे काढत बसला. उतरलो नाही हे त्यानं निजामला सांगितलं, कारणासकट. निजाम म्हणाला, “हाकंला ओ तरी द्यायची हुतीस.”

परत येताना आम्ही सायकली एसटीच्या टपावर चढवल्या. कंडक्टर कुरकुरला, पण लगेजचं तिकीट फाडून तयार झाला. खिडकीतून ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर मागं जात होता आणि दादा झोपला होता.

घरी वहिनी दारातच उभी होती. तिनं आधी त्याच्या पायांकडं बघितलं. तिनं काही विचारायच्या आत दादा म्हणाला, “वरनंच फिरलो. उतरलो न्हाय.” वहिनी म्हणाली, “बरं केलासा,” आणि पाणी तापवायला आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

दादाच्या येरझाऱ्या बंद झाल्या असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. कमी झाल्या. महिन्याभरात तो सायकलीवरून कामाला जायला लागला, सावकाश, आणि शर्यतीला पोरांना तयार करायला लागला. स्वतः शर्यतीत पुन्हा कधी उतरला नाही.

बिघडले ती मीच. एक्स्चेंजमध्ये खुर्चीत बसले की ती उतरण डोळ्यांसमोर यायची. दोन मुळांमधून चाक कसं जाईल, वळणावर भार कुठं टाकावा, हे मनात चाललेलं असताना मी एकदा सांगलीचा फोन साताऱ्याला जोडला. शेवटी राहवेना, तेव्हा संध्याकाळी पायरीवर दादाजवळ जाऊन बसले आणि म्हटलं की मला ती वाट उतरायची आहे. धान्य निवडणारी वहिनी हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागली.

दादानं मला वेड्यात काढलं नाही. त्यानं डावा पाय समोर लांब सोडला. मग म्हणाला, “आदी चालत उतरायची. मी संगं येतो. दोन येळा चालून बघितल्याबगार सायकलीला हात लावायचा न्हाय.”

वहिनीनं सूप पुन्हा हातात घेतलं. “आता दोघंबी गेलासा हातातनं,” ती म्हणाली, आणि मग विचारलं, “भाकऱ्या किती दिवसांच्या बांधू?”