दामल्यांच्या रिव्हॉल्व्हरची नळी

२००६ साल, माझं वय एकाहत्तर. सकाळी सूनबाईचा फोन वाजला, तिने दोन शब्द ऐकले आणि ती खालीच बसली. दामले गेले... सुट्टीवर मुंबईला गेलेले, तिथे झोपेतच. मला ते खरं वाटलं नाही. कुठलीही गोष्ट मी पहिल्या खेपेला खरी धरत नाही. तीस वर्षं मला पगारच त्याचा मिळाला. पुण्याजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मी एक्झामिनर होतो. दुसऱ्याने बनवलेला माल हातात घ्यायचा आणि त्यातली खोट शोधायची. म्हणून सूनबाईला म्हटलं, दुसऱ्या कुणालातरी फोन करून विचार. तिने विचारलं. बातमीत खोट निघाली नाही.

माझं शिक्षण चौथी. लिहिता येतं, पण लिहायची सवय नाही, तेव्हा पुरवणीच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं, नाहीतर पान उलटावं. त्या वर्षांत पुण्याची पोरं कॉम्प्युटरच्या कामासाठी जपानात लोटत होती, त्यात माझा मुलगाही. बायको गेल्यावर त्याने मला टोकियोत, कोतो नावाच्या भागातल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये आणून ठेवलं. मला तिथलं काही पटायचं नाही. दुकानात भाव लिहिलेला, घासाघीस म्हणून नाही. जिथे घासाघीस नाही तिथे गिऱ्हाईक आधीच लुटलेलं असतं, असं माझं मत. नातू माझ्याशी मराठीत बोलायचा आणि मध्येच आईकडे वळून जपानीत काहीतरी सांगायचा. ते माझ्याबद्दलच असणार, असं मी धरून चालायचो.

दामले भेटले ते कचऱ्यापाशी. तिकडे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, त्यांचे वारही वेगळे. न जळणाऱ्याच्या दिवशी कुणीतरी खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर टाकलेलं, अगदी खऱ्यासारखं. मी ते उचललं आणि नळीतून आरपार पाहिलं. "बनावट माल," मी स्वतःशीच म्हणालो. मागून आवाज आला, "पण घोडा बरा बसवलाय की नाही?" वळून पाहतो तर हातात कचऱ्याची पिशवी घेतलेला, टाय लावलेला पन्नाशीचा माणूस. मुंबईच्या एका बँकेचे अधिकारी, तीन वर्षांपासून टोकियोत, राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर. त्या दिवसापासून ते मला मिस्त्री म्हणायला लागले. मी त्यांना नुसतं दामले म्हणायचो. साहेब म्हणायची नोकरी मी पुण्यात संपवून आलो होतो.

दामल्यांना जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचं वेड. जपानात साध्या माणसाला बंदूक ठेवता येत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीची, जिची गोळी आता कुठेच बनत नाही अशी असेल, तर कलेची वस्तू म्हणून सरकारी दाखल्यासकट विकत मिळते. त्यांच्या मनात भरलं होतं ते फ्रेंच आरमाराचं. आरमाराने मोडीत काढलेला तो माल तेव्हा जहाजांतून जपानात आला म्हणे. त्याचं काडतूस निराळं, पितळी पुंगळीच्या कडेला बारीक पिन बाहेर आलेली, आणि घोडा पडतो तो त्या पिनेवर. असलं काडतूस मी जन्मात तपासलं नव्हतं. दामले मला सारखं विचारायचे, ह्यात दुसरी कुठली गोळी चालेल का? चालवायची नव्हती त्यांना, नुसती जाणून घ्यायची हौस. मी सांगायचो, आमच्याकडचे जमीनदार इंग्रजांच्या लष्कराची जुनी रिव्हॉल्व्हरं लायसन्सवर बाळगतात. त्यांची गोळी मिळेनाशी झाली की जवळपासच्या मापाची घालतात, आणि मग उरलेली बोटं मोजायला दुसऱ्याचा हात लागतो. "गोळी मिळत नाही म्हणून तर हे तुम्हाला मिळतंय," मी म्हणालो. "पर्याय शोधू नका."

भाव मात्र चढत होते. इंटरनेटवर बोली लागायला लागल्यापासून रोज नवा हौशी उगवतो, असं दामले म्हणायचे. वर्षापूर्वी जे दोन महिन्यांच्या घरभाड्यात आलं असतं, ते आता तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं. त्यांनी एका दुकानात इसारा दिला आणि मला म्हणाले, मिस्त्री, पैसे पुरे करण्याआधी तुम्ही एकदा बघा.

ते जाण्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरचा एक शनिवार होता. दुकानदार माझ्याच वयाचा, पांढरे हातमोजे घातलेला. हातमोजे पाहूनच माझं मन खट्टू झालं. मी खिशातून मोजमापाचं व्हर्निअर काढलं, नळी मोजली, दाखल्यावरचा आकडा पाहिला. जपानी मला येत नाही, पण आकडे सगळीकडे सारखेच. नळी दाखल्यापेक्षा चांगली दोन बोटं आखूड. मी दामल्यांच्या कानात म्हणालो, नळी कापली आहे. कापली नसेल तर हा दाखला दुसऱ्याच बंदुकीचा आहे, आणि दाखला चुकीचा म्हणजे पोलीस तुमच्या दारात. म्हातारा काहीतरी सांगायला लागला, त्याने एक पट्टी उचलली आणि बोट गोळ्यांच्या चक्रीवर ठेवलं. मी म्हटलं, आता पट्टी दाखवतोय, चला. दामले क्षणभर घुटमळले. त्या रिव्हॉल्व्हरकडे त्यांनी असं पाहिलं, की... असो. ते माझ्यामागे बाहेर आले. इसारा बुडाला. गाडीत मात्र हसत म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही देवाच्या मूर्तीचंसुद्धा आधी माप घ्याल आणि मग नमस्कार कराल."

महिन्याभराने त्यांनीच सांगितलं, की ते रिव्हॉल्व्हर विकलं गेलं, जवळजवळ दीडपट भावाला. मी म्हणालो, फसणारा कुणीतरी सापडला. त्यांनी काडतुसांचं काहीतरी विचारून विषय बदलला. आणि इथून माझा संशय सुरू झाला. शनिवारी दुपारी आमचा चहा ठरलेला असायचा. आता शनिवारी दामले नसायचे. कधी ऑफिसचं काम, कधी दुसरं काहीतरी. बँकेत शनिवारी कसलं काम? मला वाटलं, माझ्या पाठीमागे त्यांनीच ते रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि आता मला टाळतायत. मी विचारलं नाही. विचारायचा कमीपणा मी का घेऊ? ते मात्र येता-जाता पूर्वीसारखेच थांबायचे, काडतुसांच्या गोष्टी विचारायचे, मी सांगितलेलं वहीत टिपून घ्यायचे. मी मनात म्हणायचो, बघा कसं साळसूदपणे वागतोय. सुट्टीला निघताना ते दारात निरोप घ्यायला आले, तेव्हा मी पेपरातून नीट मान वर केली नाही...

दिवसकार्य उरकून दामलेवहिनी मुंबईहून घर आवरायला परत आल्या. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, काका, ह्यांच्या टेबलाचा खण तुम्ही बघा, त्यातलं मला काही कळत नाही. खरं सांगतो, मी खण उघडला तो रिव्हॉल्व्हर सापडेल म्हणूनच. रिव्हॉल्व्हर नव्हतं. त्या दुकानाचा शिक्का असलेला एक कागद होता आणि त्यावर दामल्यांनी पेन्सिलीने रिव्हॉल्व्हर काढलेलं. अक्षर वाचायला मला वेळ लागतो, ड्रॉइंगला लागत नाही. नळीच्या तोंडापासून चक्रीच्या पुढच्या कडेपर्यंत एक बाण, त्याच्यापुढे लिहिलेलं, "मिस्त्री". दुसरा बाण त्याच तोंडापासून चक्रीच्या पार मागच्या कडेपर्यंत, त्याच्यापुढे "दाखला". दोन बाणांत फरक चक्रीच्या लांबीचा. दोन बोटं. आमच्या कारखान्यात नळी म्हणजे नुसती नळी. दाखला देणाऱ्यांनी जुन्या बंदुकीसारखं पार मागच्या टोकापर्यंत मोजलं होतं. नळी कापलेली नव्हती. म्हातारा पट्टी घेऊन मला तेवढंच सांगत होता.

मी वहिनींना विचारलं, हे त्यांना कधी कळलं? त्या म्हणाल्या, पुढच्याच शनिवारी. वहिनींना जपानी येतं, म्हणून ते त्यांना घेऊन दुकानात गेले होते. तोवर माल दुसऱ्याने धरून ठेवला होता.

"मग मला का नाही सांगितलं?"

वहिनी खणातले कागद सारखे करत राहिल्या. "ते म्हणाले, मिस्त्रींकडे दुसरं काय उरलंय इथे? त्यांचं माप चुकलं हे त्यांना कळता कामा नये. मला शपथच घातली होती, काका. तुम्ही विचारलंत म्हणून मोडली."

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज असेल, आणि घरी आलो. सूनबाईने वाढलेलं ताट तसंच परत केलं. चूक निघाली ह्याचं मला तितकं वाटलं नाही. कारखान्यातही माझ्या दोन-तीन निघाल्या आहेत, मी त्या कबूल केल्या नाहीत एवढंच. पण सहा-सात महिने ह्या माणसाने माझी चूक स्वतःच्या पोटात ठेवली, आणि मी त्याला चोर समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता निघालो. एकटा कधी गेलो नव्हतो. पहिल्या खेपेला घेतलेलं दुकानाचं कार्ड स्टेशनवरच्या माणसाला दाखवलं, त्याने गाडी दाखवली, ती बरोबर आहे का हे मी आणखी दोघांना विचारलं. पोचलो तेव्हा दुकान बंद होतं. तासभर दारात उभा राहिलो. म्हातारा आला, त्याने मला ओळखलं आणि किल्ली हातात धरून थांबला. मी मराठीतच बोललो. म्हटलं, "माप माझं चुकलं. माल तुमचा खरा होता." त्याला काय कळलं, मला माहीत नाही. त्याने दार उघडलं, आत जाऊन काउंटरमागून एक ठेंगणं लाकडी स्टूल बाहेर आणलं, हाताने पुसलं आणि त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "दामले-सान." मग बोटांवर काहीतरी मोजून दाखवलं. दामल्यांचे इथले शनिवार असावेत.

मी त्याच्यावर बसलो. त्याने चहा आणला.