बिजागरीतली वायर

मुलगा परत गेला, पण त्याचा उजवा हात काही आईच्या डोळ्यांपुढून हलेना. दोन दिवस घरी होता, तेवढा वेळ तो चष्म्याची डबी उघडत होता, मिटत होता. जेवतानाही.

आईने खोदून खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं होतं. लॅपटॉपमधल्या चिपकडून पडद्याकडे वायरीतून चित्र जातं. ते किती व्होल्टेजने ढकलायचं, हे ग्राफिक्स ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममध्ये ठरवून देणं हे त्याचं काम. कमी पडलं तर चित्र लुकलुकतं, जास्त झालं तर बॅटरी फुकट जाते. नव्या मॉडेलसाठी व्होल्टेजची मापं त्याने लॅपटॉपचं झाकण सताड उघडं ठेवून घेतली. तिथे सगळे तशीच घेतात. पण या मॉडेलची वायर बिजागरीतून पिळून गेली होती. लोकांनी झाकण जरा कलतं केलं की पडदा लुकलुकायचा. तक्रारींची रीघ लागली.

व्होल्टेज एक टप्पा वाढवून त्याने चूक निस्तरलीही. पण साहेबांचं मन भरेना. त्यांनी त्याचं टेबल ऑफिसच्या मधोमध आणवलं आणि दिवसभर झाकण उघड-मीट करायला त्याला बसवलं. त्यासाठी कोपऱ्यात यंत्र होतं. ते बंद करायला लावलं. येणारेजाणारे विचारत, "काय झाकणराव, वारा लागतोय का?" चूक सुधारून महिना झाला, टेबल अजून तिथेच आहे.

ऐकून बाबा खो खो हसले. "डिग्रीला शोभेलसं काम मिळालं की, झाकणराव." मग हसू आवरून म्हणाले, नोकरी सोडलीस तर या घराची पायरी चढू नकोस. मुलाने डबी खिशात घातली. रिकामा हात तसाच हलत राहिला.

आज सकाळी त्याचा फोन आला. शेजारी चहाला बसले होते. बाबांनी स्पीकर लावला. "बोला झाकणराव, काल किती वेळा?"

पलीकडून मुलाने आकडा सांगितला. अदबीने, साहेबांना सांगावा तसा.

शेजाऱ्यांच्या हसण्याने कप हिंदकळले. फोन ठेवला गेला, तशी आई हात पुसत बाहेर आली आणि तोच फोन तिने उचलला.

"आता कुणाला?" बाबांनी विचारलं.

"त्यालाच. राजीनामा दे आणि आजच घरी ये, असं सांगते."

"आणि मी पायरीचं बोललो ते?"

"ती रोज मी झाडते," ती म्हणाली, आणि नंबर लावू लागली.