आप्पांचे तीन रणगाडे

सहा वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. आईला माहीत नाही. ज्यांच्याबरोबर घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या, त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हीसुद्धा पळवाटच? असेल.

मी पत्रकं लिहिते. आमचं गाव कोगनोळी नाक्याच्या जरा अलीकडं, म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीत. निपाणीच्या बाजारात माझ्या पत्रकात बांधलेली भजी तुम्ही कधी खाल्लीही असतील. कचेरीतले अर्ज, नोटिसा, जमिनीचे उतारे आम्हाला मराठीतून मिळावेत, एवढीच मागणी. ती खरी होती, आजही खरी आहे. त्या मागणीपायी मी साहेबांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना छापील अक्षरांत खोटारडे म्हटलं आहे. हे आधीच सांगून ठेवते. बोलणारी कोण आहे, ते तुम्हाला कळलेलं बरं.

तर — सिनेमे. भाषण ठेवलं की आमच्याकडं बारा माणसं यायची, त्यातली चार माइक लावायला आलेली. पण रणगाड्यांचा सिनेमा लावला की अख्खं गाव हजर! गल्लीगल्लीत फौजी असलेलं गाव, दुसरं काय होणार? गणपतीत शाळेच्या पटांगणात आम्ही पडदा बांधायचो. वाळूतून धुरळा उडवत रणगाडे यायचे, हिरो वरच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर येऊन गर्जायचा, पोरं शिट्ट्या मारायची. मध्यंतरात आम्ही पत्रकं वाटायचो, सह्या घ्यायचो. माणसं आयतीच तापलेली असायची, आम्ही त्यांची तोंडं फक्त कचेरीकडं वळवायचो. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

आमच्या शेजारचे आप्पा मात्र मागच्या खुर्चीत बसून हसायचे. आप्पा म्हणजे निवृत्त हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाड्यांबरोबर होते, एवढं गावाला ठाऊक होतं. "असं डोस्कं बाहीर काढून कोण वरडतंय गं?" ते मला म्हणाले. "पयला गोळा त्यालाच की!"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसले. किती रणगाडे फोडलेत आप्पा? तर एकही नाही. ते दुरुस्तीच्या तुकडीत फिटर होते. रणगाडा ज्या लोखंडी पट्ट्यावर चालतो, त्याला ते चेन म्हणायचे. ती तुटली की उन्हात भाजणारं ते लोखंड चौघांनी पहारी लावून उचलायचं, ओढायचं, पुन्हा चाकांवर चढवायचं. त्यात त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट गेलं होतं. "आमी न्हाय लढलो, पोरी," ते म्हणाले. "लढनाऱ्यांची गाडी चालू ठिवली." आणि असे ताठ बसले, की पडद्यावरचा कुठलाही हिरो मी तसा बसलेला पाहिलेला नाही.

मी ते वहीत उतरवून घेतलं. मग छापलं काय?

"ज्या हातांनी शत्रूचे तीन रणगाडे फोडले, त्या हातांना स्वतःच्या जमिनीचा उतारा स्वतःच्या भाषेत मिळत नाही!!!"

तीन का? एक फार कमी वाटला, पाचावर कुणी विश्वास ठेवला नसता. इतका विचार मी केला होता. चुकून झालं, असं म्हणायची सोयच नाही.

पुढच्या सिनेमाआधी आप्पांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. माइकवरून पत्रक वाचलं गेलं, टाळ्यांनी पटांगण दणाणलं, आणि फेट्याखालून आप्पा मला शोधत होते. खाली उतरल्यावर हळूच म्हणाले, "ते तीन रणगाडं तेवढं खोडून टाक बाई. लई वंगाळ दिसतंय ते." मी म्हटलं, "व्हय आप्पा, फुडल्या छपाईत." पुढच्या छपाईत ते वाक्य मी मथळ्यात घेतलं. सह्या धो धो येत होत्या ना!

निपाणीत दर महिन्याला निवृत्त फौजी जमतात. पत्रक तिथं पोहोचलं. एका रविवारी त्यांच्यातले तिघे गावात आले, शाळेच्या व्हरांड्यात बसले, आप्पांना बोलावलं, मलाही. गाव जमलंच. त्यांच्यातला एकजण आप्पांच्याच तुकडीत नोकरी काढलेला. त्यानं पत्रक पुढं धरलं. "फिटर, कुठलं तीन रणगाडं फोडलासा? आमाला बी दावा की!" माणसं हसली. आप्पा म्हणाले, "मी आसं कुनाला बोललो न्हाय." मग तो माझ्याकडं वळला. "मग तुला कुनी सांगिटलं गं?"

इथं मी थांबते आहे — सहा वर्षं इथंच थांबत आले आहे.

"आप्पांनीच," मी म्हटलं.

मला कुणी धमकावलं नव्हतं. चळवळ बदनाम होईल, एक पत्रक खोटं ठरलं तर सगळीच खोटी ठरतील, वगैरे मी नंतर स्वतःला पढवलं. त्या क्षणी डोक्यात चळवळ नव्हती. लोक मला हसतील, एवढंच होतं.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. वही घेऊन मी त्यांच्या कट्ट्यावर एकटीच बसले होते, दुसरा साक्षीदार कुणी नव्हता. ओरडले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "आसंल. म्हातारपनी बोलून गेलो आसंन. पोरीचं काय चुकलं न्हाय."



त्यानंतर आप्पा निपाणीला कधी गेले नाहीत. सव्वीस जानेवारीला पदकं लावून ते शाळेत झेंड्याजवळ उभे राहायचे, ते बंद झालं. पोरं त्यांना 'तीन रणगाडं' म्हणून हाक मारायची आणि पळायची. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे. मी त्यांना पाहून रस्ता बदलला, असंही झालं नाही — मी "काय आप्पा, बरं हाय न्हवं?" असं रोज विचारत होते. ते रोज "बरं हाय" म्हणत होते. आणि मी सरकारच्या खोटेपणावर नवी पत्रकं काढत होते, ओळीमागून ओळ.

यंदा श्रावणात आप्पा गेले. आमच्या भागात जुना फौजी गेला की त्याच्या जोडीचे तिरंगा घेऊन येतात, शेवटची सलामी देतात. कुणी आलं नाही. त्यांना बोलवायलाही कुणी गेलं नाही. मीसुद्धा.

चौकात श्रद्धांजलीचा फलक लावायचा होता. गावात असलं लिहिणारी मीच. आप्पांचा मुलगा कागद घेऊन माझ्याकडं आला. वयानं माझ्याहून मोठा, पण मला आक्का म्हणतो, पत्रकांमुळं. नाव, वय, घरच्यांची नावं सांगून झाली. मी पेन थांबवून त्याच्याकडं पाहिलं.

"मिल्ट्रीचं कायबी घालू नगंस, आक्का," तो म्हणाला. "लोक हासत्यात."

मी घातलं नाही.